मराठी आडनावं आली कुठून? आपल्या पूर्ण नावातला एकेक शब्द काय सांगतो?

मार्च २०२४ मध्ये मंत्रालयातल्या काही दालनांबाहेरच्या पाट्या बदलल्या. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पाटीवर 'एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे' असं नाव आलं. उपमुख्यमंत्र्यांच्या पाट्यांवरही देवेंद्र आणि अजित या नावांनंतर त्यांच्या आईंची नावं दिसू लागली. सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लिहिणं बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने नुकताच घेतला होता. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम त्यामुळे असा ठरला: स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव.

त्या वेळी काहींनी या निर्णयाचं स्वागत केलं, तर काहींनी 'आपली पूर्वापार पद्धत का बदलायची?' असा सवालही केला. पण ही पद्धत खरंच पूर्वापार आहे का? 'स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' हा साचा पक्का कधी झाला? आणि शिंदे, फडणवीस, पवार, कांबळे, मंगेशकर, वाघमारे ही आडनावं आली तरी कुठून?

आडनाव नव्हतं तेव्हा

'आडनाव' या शब्दातच एक खूण आहे. आडवाट म्हणजे मुख्य रस्ता सोडून जाणारी वाट. तसंच आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूला असलेलं दुसरं नाव. माणूस ओळखला जायचा तो स्वतःच्या आणि बापाच्या नावाने. आडनाव होतं, पण ते प्रत्येक ठिकाणी लिहिलंच पाहिजे असं नव्हतं.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या प्रसिद्ध राजमुद्रेवर 'भोसले' हा शब्द नाही. 'शहाजीचा पुत्र शिवाजी' एवढीच ओळख तिथे दिलेली आहे. पेशव्यांची नावं पाहिली तरी हेच दिसतं. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव बल्लाळ म्हणजे बाजीराव बाळाजी आणि नातू बाळाजी बाजीराव. तीन पिढ्यांत कुठेही आडनाव नाही. या घराण्याचं मूळ आडनाव भट होतं. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि पुढे ते पदच घराण्याची ओळख बनलं.

संतांची नावं आठवून पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. इथे नावाला व्यवसाय जोडलेला आहे. एकाच गावात दोन गोरा असतील, तर कोणता गोरा हे कळावं एवढंच त्याचं काम.

ब्रिटिश काळात जमिनीचे दस्त, शाळेची रजिस्टरं, पलटणीतल्या नोंदी आणि कोर्टाची कागदपत्रं वाढत गेली. प्रत्येक ठिकाणी माणसाचं नाव एकाच पद्धतीने लिहिणं गरजेचं झालं. तोवर सैलसर असलेलं आडनाव हळूहळू कागदावर कायमचं बसलं. जे आडनाव त्या वेळी नोंदवलं गेलं, तेच पुढच्या पिढ्यांना चिकटलं.

'कर' म्हणजे गाव, पण सोडलेलं गाव

मराठी आडनावांची सगळ्यात ठळक खूण म्हणजे शेवटचा 'कर'. गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार होतं. चिपळूणचे चिपळूणकर, नीरेकाठच्या होळ गावचे होळकर, सिंधुदुर्गातल्या तेंडोलीचे तेंडुलकर, नाशिक जिल्ह्यातल्या शिरवाड्याचे शिरवाडकर.

यात एक गंमत आहे. सगळं गावच चिपळूणचं असेल, तर तिथे 'चिपळूणकर' म्हणून कुणाला वेगळं ओळखता येणार? त्यामुळे गावाचं आडनाव बहुतेकदा गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लागतं. म्हणजे 'कर' असलेलं आडनाव हा घराण्याच्या स्थलांतराचा छोटासा दाखला असतो. अर्थात वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात कितीतरी आहेत. त्यामुळे वडगावकरांचं नेमकं वडगाव कोणतं, हे आडनावावरून सांगता येत नाही.

गावावरून आडनाव मुद्दाम घेतल्याचीही उदाहरणं आहेत. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून 'मंगेशकर' हे आडनाव घेतलं आणि पुढे ते जगभर पोहोचलं.

दुसरं मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून 'आंबडवेकर' आणि त्यातून शाळेच्या दप्तरात 'आंबेडकर' असा हा प्रवास झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला, तेव्हा रजिस्टरमध्ये नाव नोंदवलं गेलं ते 'भिवा रामजी आंबेडकर'. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

'कर' कोणत्याही एका धर्माचा नाही. कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावंही पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहीमकर अशी आहेत. त्यांच्यातले बहुसंख्य लोक पुढे इस्राएलला गेले आणि रायगड जिल्ह्यातल्या गावांची नावं त्यांच्यासोबत तिथे पोहोचली.

पद गेलं, आडनाव राहिलं

दुसरा मोठा गट पदांवरून आलेल्या आडनावांचा. गावचा प्रमुख तो पाटील. गावचे हिशेब ठेवणारा कुलकर्णी. अनेक गावं मिळून होणाऱ्या परगण्याचा प्रमुख देशमुख आणि परगण्याचे हिशेब पाहणारा देशपांडे. पाटलाच्या हाताखालचा चौगुला. पंचांग पाहणारा जोशी, हा शब्द 'ज्योतिषी'पासून आलेला. नाणी पारखणारा पोतदार. इनाम मिळालेला इनामदार.

ही पदं वंशपरंपरेने चालायची. त्यांना वतन म्हणत. त्यामुळे पद आणि घराणं यांत फरकच उरला नाही आणि पदाचं नाव सहज आडनाव झालं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबई राज्यात कायदा करून परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करण्यात आली. पुढे वंशपरंपरागत महसुली पाटीलकीही गेली. गावचा हिशेब पुढे तलाठ्याकडे आला. पण कुलकर्णी, देशपांडे आणि पाटील ही आडनावं मात्र तशीच आहेत.

या गटात फारसी भाषेचा मोठा वाटा आहे. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडणवीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस, कारखानीस ही आडनावं आली. चिटणीस पत्रव्यवहार पाहायचा, पोतनीस खजिन्याचा हिशेब आणि पारसनीस फारसीतला पत्रव्यवहार. 'फडणवीस' हा शब्द 'फर्द' म्हणजे नोंदीचा कागद आणि 'नवीस' यांपासून आला, असं मानलं जातं. पेशवाईतल्या प्रसिद्ध नाना फडणवीसांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू हे आडनाव मागे पडलं आणि पद पुढे आलं.

शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री झाला, डबीराचा सुमंत झाला. कारभारातले शब्द बदलले, पण आडनावांत फारसी टिकून राहिली. आज महाराष्ट्रात मुजुमदारही सापडतात.

व्यवसायही आडनाव कसं बदलतो याचं उत्तम उदाहरण महात्मा फुल्यांच्या घराण्याचं. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यातली मंडळी पुण्यात येऊन पेशव्यांकडे फुलं पुरवू लागली आणि लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले.

वाघमारे, एकबोटे, सहस्रबुद्धे

तिसरा गट टोपणनावांचा. हा सगळ्यात मजेशीर आणि कधीकधी त्रासदायकही. रंगावरून काळे, गोरे, तांबे. प्राण्या-पक्ष्यांवरून वाघ, कोल्हे, लांडगे, घोडके, कावळे. स्वयंपाकघरातून साखरे, तुपे, भोपळे, दोडके. अंगावरच्या खुणेवरून एकबोटे, टकले, घारे. मुलांच्या संख्येवरून अष्टपुत्रे, बुद्धीवरून सहस्रबुद्धे आणि पराक्रमावरून वाघमारे.

यातल्या बऱ्याच आडनावांच्या शेवटी 'ए' का येतो? मराठीत आदर दाखवायला अनेकवचन वापरतात. काळा माणूस एक असेल तर 'काळा', पण त्याचं कुटुंब किंवा त्याचा आदराने उल्लेख असेल तर 'काळे'. 'फुटाणे', 'वाघमारे', 'तांबे' यांचंही तसंच. म्हणजे चिडवण्यासाठी पडलेल्या नावालाही व्याकरणाने मान दिला.

अशा आडनावांमागे घरोघरी एखादी गोष्ट सांगितली जाते. पणजोबांनी वाघ मारला, पूर्वजांनी गाय वाचवली, राजाने खूश होऊन नाव दिलं. या गोष्टी ऐकायला छान असतात. पण त्यातल्या कित्येक आडनाव आधी आणि गोष्ट नंतर अशा जुळवलेल्या असतात, त्यामुळे लेखी पुरावा मिळेपर्यंत त्यांना घरातली आठवण म्हणूनच पाहिलेलं बरं. जुन्या राजवंशांशी जोडल्या जाणाऱ्या आडनावांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. जाधवांचा संबंध देवगिरीच्या यादवांशी, कदमांचा कदंबांशी आणि पवारांचा परमारांशी लावला जातो. पण आडनाव तेच असलं म्हणून आजचं प्रत्येक घर त्या राजवंशातलं ठरत नाही.

सीमेवरची आडनावं

महाराष्ट्राच्या कडेने फिरलं की शेजारच्या भाषा आडनावांत दिसू लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी 'वार'ने संपणारी आडनावं आहेत. तेलुगूत घराण्याच्या नावाला आदराने 'वारु' जोडतात, त्याचंच हे मराठी रूप.

वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तिथल्या ख्रिस्ती मराठी कुटुंबांत परेरा, लोपीस, डिसोझा, दिब्रिटो ही पोर्तुगीज आडनावं आहेत. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आडनाव पोर्तुगीज आणि लेखन मराठी.

उलट दिशेनेही प्रवास झाला. ग्वाल्हेरला गेलेल्या शिंद्यांचे 'सिंधिया' झाले. सुपरस्टार रजनीकांत यांचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळुरूतल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

आडनावावरून जात कळते का?

नव्या माणसाची ओळख झाल्यावर 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे अनेकदा जात समजून घेण्यासाठी विचारला जातो. पण आडनाव हे उत्तर देण्यात वारंवार चुकतं.

पाटील हे पद होतं. त्यामुळे मराठा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन अशा अनेक समाजांत पाटील आहेत. देशमुख ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, कायस्थ प्रभूंत आहेत आणि मुस्लिमांतही आहेत. पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं मराठा समाजात आहेत, बंजारा समाजात आहेत आणि दलित समाजातही आहेत. भोसले, शिंदे आणि काळे पारधी समाजातही सापडतात. कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांत दळवी, मुकादम आणि चौगुले आहेत. आडनाव पूर्वजांचं गाव किंवा काम सांगेल, पण जात नक्की सांगेलच असं नाही.

तरीही लोक अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावर घर भाड्याने द्यायचं की नाही, नोकरीवर घ्यायचं की नाही, पोलिसावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतात. २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात याचा प्रत्यय आला. एका सरपंचाच्या हत्येनंतर जिल्ह्यात जातीय तणाव वाढला होता. तेव्हा बीड पोलिसांनी कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. वर्दीतल्या माणसाकडे त्याच्या आडनावावरून पाहिलं जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

धोंडू, दगडू आणि 'नकुशा'

आता पूर्ण नावातल्या पहिल्या शब्दाकडे येऊ. बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. पूर्वी आजोबा-आजीचं नाव नातवंडाला ठेवायची पद्धत सर्रास होती. बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचं नाव बाळाजी, ते यामुळेच. पण घरातल्या सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसे. मग त्याच नावाच्या मुलाला हाक कशी मारायची? यातूनही बाळ, बापू, नाना, तात्या अशी हाकेची नावं रुळली. लोकमान्य टिळकांचं मूळ नाव केशव होतं. हाकेचं 'बाळ' हेच कायम राहिलं.

देवांची नावं त्या त्या भागाचा पत्ता देतात. विठ्ठल आणि पांडुरंग पंढरपूरचे, खंडेराव आणि मल्हारी जेजुरीचे, जोतिबा कोल्हापूरकडचा, मंगेश गोव्याचा.

धोंडो, दगडू, केरू, कचरू ही नावं मात्र वेगळ्या कारणाने ठेवली जायची. आधीची मुलं दगावली असतील, तर नव्या बाळाला दृष्ट लागू नये, मृत्यूचं त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव. वाचायला कठोर वाटलं तरी त्या नावामागे मूल जगावं ही इच्छा होती.

'नकुशा'ची गोष्ट नेमकी उलटी आहे. मुलीवर मुली झाल्या की पुढच्या मुलीचं नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवलं जायचं. म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने अशा मुली शोधून त्यांच्या नामांतराचा कार्यक्रम घेतला. २८५ मुलींनी त्या दिवशी नवं नाव घेतलं. काहींनी नट्यांची नावं निवडली, काहींनी देवींची. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं नाव त्यांना विचारून ठेवलं जात होतं.

नावातून प्रतिष्ठाही वाटली जायची. वरच्या मानल्या गेलेल्या घरांत 'राव', 'पंत', 'बाईसाहेब' अशी जोड असायची आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र रामा, शिवा, भिवा असं एकेरीत बोलावलं जायचं. शाळेच्या रजिस्टरमधल्या 'भिवा'चं 'भीमराव' होणं त्यामुळे साधा बदल नाही.

मधलं नाव कुणाचं?

मराठी नावात मधोमध वडिलांचं नाव येतं. पु. ल. देशपांडे म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, त्यातले लक्ष्मण हे वडील. कुसुमाग्रजांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांचं जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते विष्णू वामन शिरवाडकर झाले. वडील बदलले की मधलं नाव बदललं, आणि त्यांच्या बाबतीत तर पहिलं नावही.

ही पद्धत देशात सगळीकडे नाही. उत्तर भारतात मधलं नाव वडिलांचंच असेल असं नसतं. म्हणूनच २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आंबेडकरांचं नाव सरकारी कागदपत्रांत 'भीमराव रामजी आंबेडकर' असं लिहायचा आदेश दिला, तेव्हा तिथे वाद झाला. महाराष्ट्रात 'रामजी' हे नाव वडिलांचं आहे हे लगेच कळतं, तिथे मात्र त्याचा वेगळा राजकीय अर्थ लावला गेला.

बाईचं नाव: दोनदा, कधी तीनदा बदलणारं

पुरुषाचं पूर्ण नाव बहुधा जन्मभर तेच राहतं. बाईचं मात्र लग्नात बदलतं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव सासरचं येतं आणि अनेक घरांत पहिलं नावही बदलतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहिण्याची पद्धत आजही पाहायला मिळते.

१८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचं माहेरचं नाव यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचंही माहेरचं नाव यमुनाच, आडनाव कुर्लेकर. इतिहासाने दोघींना लक्षात ठेवलं ते लग्नात मिळालेल्या नावाने.

लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा भारतात नाही. तरीही पदवी प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, ही तारांबळ बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. घटस्फोट किंवा पुनर्विवाह झाला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नाव कायदेशीररीत्या बदलायचं असेल, तर राज्य सरकारच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. चिडवलं जाणारं किंवा जात सांगणारं आडनाव सोडण्यासाठीही हाच रस्ता आहे.

२०२४ च्या निर्णयातही ही गाठ पूर्ण सुटलेली नाही. मुलाच्या नावात आई आली, पण विवाहित स्त्रीसाठी स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव हा जुनाच क्रम सुरू ठेवण्यात आला. म्हणजे मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव असेल आणि लग्नानंतर ते जाऊ शकेल.

मग 'पूर्वापार पद्धत' कोणती?

भटांचे पेशवे झाले, भानूंचे फडणवीस, गोऱ्ह्यांचे फुले आणि सकपाळांचे आंबेडकर. कधी गावाने नाव दिलं, कधी दरबाराने, कधी गिऱ्हाईकांनी, तर कधी शाळेच्या रजिस्टरने. मराठी नावाचा साचा प्रत्येक काळात बदलत आला आहे आणि तो बदलण्याचा हक्क बहुतेकदा नाव लावणाऱ्या माणसाकडे नव्हता.

१ मे २०२४ नंतर जन्मलेली मुलं येत्या काही वर्षांत पहिलीच्या वर्गात बसतील. त्यांच्या वर्गाच्या हजेरीत चार शब्दांची नावं असतील. त्या मुलांना तीच पूर्वापार पद्धत वाटेल.